सिंधूची छाट

रुपराव निवडून आला त्या संध्याकाळी वस्तीतल्या बायकांनी सिंधूच्या डोक्यावर इतका निळा गुलाल ओतला, की पुढं कितीतरी दिवस तिची उशी निळी होत राहिली. निवडून भाऊ आला होता, पण तो मिरवणुकीच्या ट्रकवर उभा होता, हाताला न लागणारा. बहीण हाताशी होती. म्हणून जे काही कौतुक करायचं ते बायकांनी तिचंच केलं. शेजारच्या तुळसाबाईनं तिला दंडाला धरून सगळ्या गल्लीतून फिरवून आणलं.

"आता पाह्य वं सिंधू," ती म्हणाली, "आपला माणूस विधानसभेत बसला. आता आपल्याले कोण हात लावते ते पाहू."

हे बहात्तर सालचं. वस्ती नागपूरच्या उत्तरेला, कामठी रोडच्या अलीकडे, रेल्वेलाइनला लागून होती. छप्पन साली सगळ्या वस्तीनं मिळून दीक्षा घेतली होती. पांढरं लुगडं ज्यांच्याकडे नव्हतं त्यांनी जुनंच सोड्यात उकळून, दगडावर आपटून पांढरं केलं होतं. रुपराव तेव्हा बिडीच्या कारखान्यात बिड्या वळत होता. पुढं भूमिहीनांच्या सत्याग्रहात तो जेलमध्ये जाऊन आला आणि बाहेर आल्यावर त्यानं बिडीवाल्यांची युनियन बांधायला घेतली. कारखान्यात पुरुष होते, घरोघरी बसून बिड्या वळणाऱ्या बायका होत्या. अनोळखी घरात एकट्या पुरुषाला कोण दार उघडणार, म्हणून सिंधू त्याच्यासोबत फिरायची. दारात उभी राहून सांगायची, "माहा भाऊ हाय. ऐकून तर घ्या, काय म्हणून राहिला ते." आणि बायका ऐकायच्या.

मग बिडी कामगारांसाठी नवा कायदा आला. कायदा चांगला होता, रुपरावसारख्यांनी तो मागून मागून आणवला होता. पण कायदा लागू झाला तसे मालकांनी कारखानेच बंद केले आणि काम सट्टेदारांच्या हाती दिलं. सट्टेदार म्हणजे मालक आणि बाई यांच्या मधला माणूस. तेंदूचं पान आणि तंबाखू तो द्यायचा, वळलेल्या बिड्या तो घ्यायचा. या वस्तीचा सट्टेदार मुकुंदसेठ. संध्याकाळी त्याच्या ओसरीवर बायका बिड्यांच्या जुड्या, म्हणजे कट्टे, घेऊन ओळीनं बसायच्या आणि त्याचा मुनीम छाट करायचा. जी बिडी त्याला वाईट वाटेल ती तो बाजूच्या टोपल्यात टाकी. तिचा मोबदला नाही, आणि ती परतही मिळत नसे. टोपल्यातल्या बिड्या शेवटी बाजारातच जात, हे ओसरीवर बसलेल्या सगळ्यांना माहीत होतं.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात छाट फार वाढली. एका संध्याकाळी तुळसाबाईचे अर्धेअधिक कट्टे मुनीमानं टोपल्यात टाकले. तुळसाबाईचा हात वस्तीत सगळ्यांत चांगला. तिच्या बिडीतून तंबाखूचा कण सांडत नसे. तिनं उरलेलं सूपही ओसरीवर पालथं केलं.

"हे बी घे," ती म्हणाली. "उद्यापासून मी येत नाही."

दुसऱ्या दिवशी पान न्यायला कुणीच गेलं नाही.

रुपराव लगेच आला. तुळसाबाईच्या दारात पोत्यावर बसला, तिच्या हातची भाकर आणि ठेचा खाल्ला, आणि जमलेल्या बायकांना म्हणाला, "छाट बंद झाल्याशिवाय कोणी पानाले हात लावायचा नाही. मी आहो ना."

बायकांनी पानाला हात लावला नाही. उन्हाळा भाजत होता. काही जणी रस्त्याच्या कामावर गिट्टी फोडायला गेल्या, काही जणी उमरेड रोडच्या बांधकामांवर. सिंधूही घमेली उचलायला गेली. तुळसाबाईनं आपल्या दोन्ही शेळ्या विकल्या. तरी कुणी कुरकुर केली नाही, कारण जो संप करा म्हणाला होता तो त्यांच्यातलाच होता.

एका दुपारी रुपराव जीपमधून आला. या वेळी तो खाली बसला नाही. जीपला पाठ टेकून त्यानं सांगितलं की तडजोड झाली, सोमवारपासून काम सुरू करायचं. छाटीसाठी कमिटी नेमली आहे आणि कमिटीचा अध्यक्ष तो स्वतः आहे. त्याच्यासोबत आलेल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या तशा बायकांनीही वाजवल्या.

तुळसाबाईनं विचारलं, "भाऊ, मंग छाट बंद झाली का?"

"कमिटी बसली का होतेच बंद," रुपराव म्हणाला.

कमिटी बसली नाही. थोडे दिवस मुनीमानं हात आखडता घेतला, मग टोपलं पुन्हा भरू लागलं. आणि काम सुरू झालं त्या पहिल्याच सोमवारी पानासाठी तुळसाबाईनं पदर पसरला तेव्हा मुनीम म्हणाला, "तुले पान नाही." तिला वाटलं, आज संपलं असेल. मंगळवारीही तेच. त्यानंतर ती गेली नाही.

सिंधू भावाकडे गेली. रुपरावनं आता शहराच्या दुसऱ्या टोकाला बंगला भाड्यानं घेतला होता. बाहेर बाकांवर माणसं बसलेली असत. त्यानं तिला सरळ आत बोलावलं, भावजय शोभाताईंनी चहा दिला. तुळसाबाईचं ऐकून रुपरावला खरंच वाईट वाटलं.

"मी बोलतो मुकुंदसेठशी," तो म्हणाला.

तो बोलला की नाही कोण जाणे. सिंधू पुन्हा गेली, तो पुन्हा तेच म्हणाला. तिसऱ्यांदा तो घरी नव्हता. शोभाताईंनी दोन जुनी पातळं दिली, म्हणाल्या, "तुळसाबाईले दे." सिंधूनं ती तुळसाबाईला दिली नाहीत आणि स्वतःही नेसली नाही. त्यानंतर आणीबाणी लागली. युनियनच्या सभा बंद झाल्या. रुपरावनं निरोप पाठवला की आता वर काही बोलायची सोय नाही, थोडं थांबा.

वस्ती थांबली. सुरुवातीला बायका सिंधूला विचारायच्या, भाऊ काय म्हणतो. मग विचारणं कमी झालं. दुपारी चिंचेच्या सावलीत सगळ्या जणी मांडीवर सूप घेऊन बसायच्या, सिंधू आली की सरकून जागा द्यायच्या, पण चाललेलं बोलणं तिथंच सोडून दुसरं काढायच्या. मुलांचं, भाजीचं, कुणाच्या सोयरिकीचं. सिंधूला ते कळत होतं. तिला वाटायचं, भावावरचा राग आहे, निघेल.

तुळसाबाई गिट्टी फोडून खंगली. मूळची बिडीवाली, छातीत तंबाखूची धूळ, त्यात दगडाची भर पडली. रस्त्याच्या कामावर तिला सारखं खाली बसून खोकावं लागायचं. शेवटी मुकादमानं येऊ नको म्हणून सांगितलं. तेव्हा सिंधूनं आपल्या वाट्याचं अर्धं पान तिच्यापुढं नेऊन ठेवलं.

"तुह्या तोंडचं कायले खाऊ मी," तुळसाबाई म्हणाली.

"तोंडचं कायचं? माह्यानं एवढं वळून होत नाही. तू वळ, मी माह्यात घालून देत जाईन."

तुळसाबाईनं पान घेतलं. पण हातोडीनं तिची बोटं जाड आणि वाकडी झाली होती. ज्या हाताची बिडी मुनीम मुद्दाम पाहुण्यांना दाखवायचा, त्या हातातून आता पोकळ, ढिल्या बिड्या निघायच्या. कट्टा उचलला की तंबाखू गळायची. सिंधूनं ते कट्टे आपल्या कट्ट्यांत मिसळले आणि पहिल्या दिवशी भीतभीतच ओसरीवर नेले. मुनीमानं ते नुसते मोजले आणि चांगल्या ढिगात सारले. सिंधूला हायसं वाटलं. दिवसामागून दिवस तेच झालं. तिला वाटलं, मुनीम म्हातारा झाला, त्याला दिसत नाही.

मग एका संध्याकाळी तिच्या शेजारी कांताबाई बसली होती. सिंधूचे कट्टे ढिगात गेले, त्यात तुळसाबाईचे होते. लगेच कांताबाईचे कट्टे मुनीमानं हातात घेतले, दाबून पाहिले, वास घेतला, आणि मूठ मूठ काढून टोपल्यात टाकत गेला. सिंधू टोपल्याकडे बघत होती. त्यातली एकेक बिडी काडीसारखी सरळ आणि घट्ट होती. कांताबाईनं रिकामं फडकं झटकलं, घडी केली आणि उठली. जाताना तिनं सिंधूकडे बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सिंधूनं मुद्दाम वाईट बिड्या वळल्या. फाटकं पान घेतलं, तंबाखू अर्धीच घातली, दोरा सैल सोडला. लहान पोरीनंही केल्या नसत्या इतक्या वाईट. संध्याकाळी त्या मुनीमापुढं ठेवल्या. त्यानं मोजल्या आणि ढिगात सारल्या.

"नीट पाहा ना," सिंधू म्हणाली.

मुनीम हसला. "तुमचं काय पाहायचं बाई."

"काहून?"

"तुम्ही साहेबाच्या बहीण."

ओसरीवरच्या बायकांनी माना वर केल्या नाहीत. त्यांच्यासाठी त्यात ऐकण्यासारखं नवं काही नव्हतं.

सिंधू तिथून तडक तुळसाबाईकडे गेली. तुळसाबाई खाटेवर उकिडवी बसून खोकल्याची उबळ जायची वाट बघत होती.

"माह्या बिड्याची छाट होत नाही," सिंधू म्हणाली. "तुले माहीत होतं?"

"सगळ्याइले माहीत हाय."

"कधीपासून?"

"तुहा भाऊ निवडून आला तेव्हापासून."

"मंग मले कोणी सांगितलं काहून नाही?"

"तुले माहीत नसन, असं कोणाले वाटलंच नाही," ती म्हणाली. मग पदरानं तोंड पुसून पुढं म्हणाली, "अन् मी काय बोलू सिंधू? माह्या असल्या बिड्या तुह्या नावावर चालून जात होत्या. मी बी खाल्लं ना त्यातलं."

सिंधू घरी आली. इतक्या वर्षांत ओसरीवर तिला नेहमी पुढची जागा मिळाली होती, तिची पानं नेहमी मोठी आणि बिनडागाची होती. तिला वाटत होतं, आपला हात चांगला आहे. नवरा नत्थू सायकलरिक्षा चालवायचा, तो दमून आला होता. तिनं त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मले वाटलं तुले समजते."

सकाळी ती मुकुंदसेठच्या दुकानात गेली. मुकुंदसेठ उठून उभा राहिला, खुर्ची मागवली.

"माह्या बिड्याची छाट करा," ती उभ्यानंच म्हणाली. "जशी सगळ्याइची करता तशी."

"असं कसं म्हणता बाई? भाऊसाहेब काय म्हणतील मले?"

"भावानं सांगितलं होतं का तुमाले?"

"ते कायले सांगतील?" मुकुंदसेठला तिच्या प्रश्नाचं नवल वाटलं. "सांगा लागते का असं?"

अठ्ठ्याहत्तरची निवडणूक तोंडावर होती. रुपरावचा निरोप आलाच होता की वस्तीत सभा घ्यायची आहे, बायका जमव. सिंधू नत्थूच्या रिक्षात बसून त्याच्याकडे गेली. नत्थू फाटकाबाहेरच थांबला. आत ये म्हटलं तरी येत नसे.

रुपराव दाढी करत होता. साबण लावलेल्या तोंडानं त्यानं सगळं ऐकून घेतलं. छाटीचं ऐकून त्याचा हात थांबला.

"मी मुकुंदसेठले शब्द नाही टाकला सिंधू. बाबासाहेबांच्या फोटोवर हात ठेवून सांगतो."

"मले माहीत हाय. तो बी तेच म्हणाला."

"मंग माही काय चूक?"

"तुही चूक नाही म्हणत मी. तू फक्त एवढं सांग, कमिटी काहून नाही बसली?"

रुपरावनं तोंड पुसलं, दार लोटून घेतलं आणि खुर्चीवर बसला. "तुले खरं सांगू? मी लय ताणलं असतं तर मालकानं सट्टाच उचलला असता. मध्यप्रदेशात नेला असता, तिकडे कायदा कोण पाहते? वस्तीत एक पान आलं नसतं. त्यानं तसं तोंडावर सांगितलं मले. मंग मी काय करू? छाट राहू दिली, काम वाचवलं."

सिंधूला हे पहिल्यांदाच कळत होतं. त्यात खोटं काही नव्हतं, हे तिला त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

"मंग हेच सांग ना त्याइले," ती म्हणाली. "सभेत सांग. म्हणा, माह्यानं झालं नाही. मालक भारी पडला. त्याइले समजते भाऊ. त्या बायकाइनं उन्हाळाभर गिट्टी फोडली तुह्या एका शब्दावर. तुळसाबाईचं पान गेलं. त्याइले एवढं तरी समजलं पाहिजे का कायच्यासाठी गेलं."

"असं नाही सांगता येत."

"काहून?"

"लीडरनं हरलो म्हणायचं नसते सिंधू. एकदा म्हणलं का लोक सोडून जाते."

"लोक गेले भाऊ."

"कुठं गेले? मागच्या आठवड्यात पाचपावलीत सभा झाली, पाय ठेवायले जागा नव्हती." तो उठला, तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तू मनाले लावून घेऊ नको. तुळसाबाईचं मी पाहतो, निवडणूक होऊ दे. तू बायका आण."

बाहेर येताना शोभाताईंनी तिच्या पिशवीत संत्री घातली. नत्थूनं रिक्षा वळवली.

सिंधूनं बायकांना बोलावलं. तिला वाटलं होतं, कुणी येणार नाही. पण कांताबाई म्हणाली, "येऊ ना, काहून नाही येऊ?" आणि खरोखर सगळ्या आल्या. विहारापुढच्या मैदानात मांडव होता, सतरंज्या होत्या, ट्यूबलाइट होत्या. तुळसाबाई सिंधूच्या खांद्याला धरून आली. बायका बसल्या, पोरांना मांडीवर घेतलं. मागं पुरुष उभे राहिले.

रुपराव चांगला बोलला. तो नेहमीच चांगलं बोलायचा. छप्पन सालाबद्दल बोलला, जेलबद्दल बोलला, बिडी वळताना बोटं कशी चिरतात ते त्यानं माईकसमोर हात धरून दाखवलं. त्याच्यासोबत आलेले कार्यकर्ते मध्ये मध्ये घोषणा देत होते. त्यांच्या घोषणेला मैदानातून उत्तर येत नव्हतं. कुणी अडवलं नाही, कुणी उठून गेलं नाही, कुणी टाळी वाजवली नाही. रुपरावला ते जाणवलं असावं, कारण तो मध्येच थांबून म्हणाला, "तुम्ही माह्या घरचे आहात. माह्याजवळ बोलायले भ्यायचं नाही. सांगा, काय अडचण आहे? तुळसाबाई, तुम्ही सांगा."

तुळसाबाई सिंधूच्या खांद्याचा आधार घेऊन उभी राहिली. सिंधूनं मान खाली घालून, ती पडू नये म्हणून तिचा पाय धरून ठेवला. आता ही बोलेल, असं तिला वाटलं. छाट, गिट्टी, वाकडी झालेली बोटं, सगळं आता बाहेर येईल.

तुळसाबाईनं हात जोडले. "काही नाही भाऊ," ती म्हणाली. "सगळं ठीक हाय."

ती खाली बसली. रुपरावचा चेहरा उजळला. "पाहा," तो म्हणाला, "ही आपल्या वस्तीची ताकद आहे. हाल सोसते, पण..."

"ठीक नाही," सिंधू म्हणाली.

ती कधी उभी राहिली ते तिलाही कळलं नाही. माईक नव्हता, तरी तिचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत गेला. "ठीक नाही भाऊ. तुम्ही निवडून आले तेव्हापासून माह्या बिड्याची छाट झाली नाही. सगळ्याइची होते, माही होत नाही. तुळसाबाईचं पान बंद हाय. कमिटी बसलीच नाही. काहून बसली नाही ते तुमाले माहीत हाय. तुम्ही सांगा त्याइले."

भावाला तिनं जन्मात कधी तुम्ही म्हटलं नव्हतं.

रुपराव माईक धरून उभा होता. त्याच्या मागच्या माणसानं त्याच्या कानाशी काहीतरी म्हटलं. सिंधूनं बायकांकडे वळून पाहिलं. कुणीतरी उठेल, एक तरी म्हणेल की हो, खरं आहे. कांताबाई पोराच्या टोपीची नाडी बांधत होती. बाकीच्या समोर बघत होत्या. तुळसाबाईनं तिचं लुगडं ओढलं.

"बस सिंधू," ती हळूच म्हणाली, पण सगळं इतकं शांत होतं की ते सगळ्यांना ऐकू गेलं. "तुह्या घरचं भांडण तू घरी कर."

सिंधू बसली. रुपराव जरासा हसला, म्हणाला, "माही बहीण आहे. तिचा हक्कच आहे माह्यावर रागवायचा." मग त्यानं पाण्याच्या नळाबद्दल काही सांगितलं आणि सभा संपली. जीपमध्ये बसताना त्यानं सिंधूला शोधलं असावं, पण ती तोवर मांडवामागून घरी गेली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुनीमानं सिंधूचे कट्टे हातात घेतले, दाबून पाहिले आणि निम्मे टोपल्यात टाकले. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. साहेबाचं आणि बहिणीचं बिनसलं, एवढं वस्तीत कळलं होतं, तेवढं पुरे होतं. बिड्या टोपल्यात पडत असताना सिंधूला क्षणभर बरं वाटलं. आता आपण सगळ्यांसारख्या झालो, असं तिला वाटलं. तिनं शेजारी बघितलं. बायका आपापले कट्टे मोजत होत्या. महिना संपायच्या आत तिचं पानही बंद झालं.

निवडणुकीत वस्तीतून फार थोडी मतं पडली. त्या दिवशी बायका चिंचेखाली बसून बिड्याच वळत होत्या. तरी रुपराव निवडून आला. त्याला वस्तीची मतं लागलीच नाहीत. मिरवणूक या वेळी वस्तीत आली नाही, मोठ्या रस्त्यानं गेली. बँडचा आवाज तेवढा ऐकू आला.

सिंधूकडे पान नाही म्हणजे तुळसाबाईकडेही नव्हतं. नरखेडकडच्या एका खेड्यात तिचा भाऊ संत्र्याच्या बागेत राखण करत होता, तो तिला न्यायला तयार झाला. जायच्या दिवशी सिंधूनं तिचं गाठोडं उचललं आणि नत्थूच्या रिक्षात तिला एसटी स्टँडवर नेलं. गाडीला वेळ होता. दोघी सिमेंटच्या ओट्यावर बसल्या.

"त्या दिवशी तू काहून बोलली नाही?" सिंधूनं विचारलं. इतके दिवस हे विचारायचं तिच्यानं झालं नव्हतं.

"काय बोलू?"

"जे खरं हाय ते. तो तुले विचारून राहिला होता."

तुळसाबाई समोरच्या गाड्यांकडे बघत राहिली. "संपात मी विचारलं होतं त्याले, छाट बंद झाली का म्हणून. तेव्हा बोलली मी. तेव्हा वाटत होतं ना, बोललं का काही होते." तिला खोकला आला, तो थांबेपर्यंत सिंधूनं तिच्या पाठीवर हात ठेवला. "आता बोलाले काही वाटतच नाही वं. राग बी येत नाही. राग येत होता तेव्हा बरं होतं."

"अन् मले बसवलं ते?"

"तू त्याच्याशी बोलून राहिली होती सिंधू. आमच्याशी नाही."

गाडी लागली. सिंधूनं गाठोडं वर चढवलं. तुळसाबाईला खिडकीजवळची जागा मिळाली. गाडी हलली तेव्हा दोघींनीही हात केला नाही. पावसाळ्यानंतर कधीतरी तिच्या भावाचा निरोप आला की ती गेली.

सिंधू मग धरमपेठेकडे दोन घरी धुणंभांडी करू लागली. रुपरावनं एकदा माणूस पाठवला होता, कुठल्या तरी शाळेत शिपाईणीची जागा आहे म्हणून. ती नाही म्हणाली. नत्थूलाही तिनं कारण सांगितलं नाही, त्यानं विचारलंही नाही.

ऐंशी साली हिवाळ्यात एक नवा माणूस वस्तीत येऊ लागला. रवींद्र त्याचं नाव. पूर्वी वस्तीत राहून गेलेल्या एका रेल्वे फिटरचा मुलगा, कोर्टात नुकती वकिली सुरू केलेली. दर रविवारी सायकल घेऊन यायचा आणि चिंचेखाली बायकांसमोर जमिनीवर बसायचा. म्हणायचा, छाटीविरुद्ध केस करता येते, कायद्यात कलम आहे, फक्त चार-पाच जणींनी पुढं आलं पाहिजे. तो मोठमोठं बोलत नव्हता. केस हरूही शकतो, हेही त्यानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. एकदा कांताबाईनं मुद्दाम तिरकं विचारलं, "अन् तुम्ही निवडणुकीले कधी उभे राहता?" तर तो लाजला, म्हणाला, "माह्याजवळ सायकल दुरुस्त करायले वेळ नाही, निवडणूक कुठून लढू."

बायका हसल्या. त्यांनी त्याला पाणी दिलं, चहा दिला, त्याचं सगळं ऐकून घेतलं. कोण पुढं येते म्हटल्यावर सगळ्या सुपातल्या पानांकडे बघू लागल्या.

एका रविवारी तो सिंधूच्या दारात आला. तिच्याबद्दल त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

"ताई, तुम्ही त्या सभेत एकट्या उभ्या राहिल्या होत्या," तो म्हणाला. "तुम्ही माह्यासोबत चार घरी चला. फक्त दारात उभ्या राहा आणि सांगा का हा माणूस काय म्हणते ते ऐका. मले एकट्याले कोणी दार उघडत नाही."

सिंधू भांडी घासून आली होती, तिचे हात ओले होते. तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. मुलगा चांगला होता. डोळ्यांत लबाडी नव्हती, अंगात कष्ट करायची तयारी होती. अशी माणसं कशी दिसतात हे तिला माहीत होतं, कारण तिनं एकाला अगदी जवळून पाहिलं होतं, आणि तोही तेव्हा खरा होता. तिनं मनाशी शब्द जुळवून पाहिले. दारात उभं राहायचं, पुन्हा तेच म्हणायचं. तिच्या तोंडून ते निघेना.

"चहा घेता का?" ती म्हणाली.

"तुम्ही येता का, ते सांगा ताई."

"माह्यानं नाही होणार बाबू."

"तुमाले माह्यावर विश्वास नाही का?"

"तुह्यावर हाय," सिंधू म्हणाली, आणि हे खरं होतं.

त्याला ते समजलं नाही. तो चहा न घेताच गेला. त्यानंतरही तो काही रविवार आला. मग दर रविवारी येईना, आणि उन्हाळा लागला तसं त्याचं येणं बंद झालं. तो का येत नाही, असं चिंचेखाली कुणी विचारलं नाही.